आत्याची टाकी आणि आपलं फ्लुइड मेकॅनिक्स

टाकी, हेड, व्हॉल्व्ह, डिस्चार्ज... सेमिस्टरपुरतं घोकायचं आणि पेपर टाकून आलं की विसरायचं, हा आपला सर्वांचा शिरस्ता. मीही विसरलोच होतो. पण गेल्या वर्षी माझ्या आत्याचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा डिस्चार्ज पेपर (हॉस्पिटलचा हो, बर्नोलीचा नाही!) माझ्या हातात आला. त्यात एक ओळ ठळक होती : जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये.

ही ओळ आमच्या घराला पचणं कठीण. आजोबा अजून आपोशन घेतल्याशिवाय घास उचलत नाहीत. शेजारी तांब्या-फुलपात्र नसेल तर पान मांडलंय असं कुणी मानत नाही. आजी पहिल्याच दिवशी म्हणाली, "अगं, घास अडकेल. दोन घोट तरी घे!" आत्याने माझ्याकडे बघितलं. "तू इंजिनिअर ना? मग सांग हिला का ते." थर्ड इयरचा आहे म्हणून काही सुटका झाली नाही.

तर मित्रांनो, आधी मूळ डिझाइन बघू. आपलं जठर जेवताना लिटर-दीड लिटरपर्यंत ताणतं. वरचा फुगीर भाग, म्हणजे फंडस, घास आला की आपोआप सैल पडतो, त्यामुळे आतलं प्रेशर फारसं वाढत नाही. खालचा भाग म्हणजे मिक्सर. अन्न साधारण एक-दोन मिलिमीटर इतकं बारीक होईपर्यंत पायलोरस नावाचा व्हॉल्व्ह ते पुढे सोडत नाही. पाणी मात्र भराभर निघून जातं. टाकी एक, डिस्चार्ज रेट दोन!

आत्याचं ऑपरेशन स्लीव्ह प्रकारचं. त्यात फंडससकट सुमारे 75 ते 80 टक्के जठर काढून टाकतात. उरते केळ्यासारखी नळी, सुरुवातीला 100-150 मिलिलिटरची. म्हणजे एक-दीड कटिंग चहा मावेल एवढीच. व्हॉल्व्ह जुनाच, पण ताणणारा भाग गेला. त्यात मऊ भात बसलेला असताना वरून ग्लासभर पाणी ओतलं तर ते जाणार कुठे? प्रेशर वाढतं, छातीत दाटून येतं, मळमळतं, नाहीतर सगळं उलटून पडतं.

दुसरा प्रकार बायपासचा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी तो 1966 मध्ये सुरू केला. आजच्या पद्धतीत 30 मिलिलिटरच्या आसपासची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. इथे व्हॉल्व्हच सर्किटमधून बाद! सरबत किंवा कोल्ड्रिंकसारखं गोड काही प्यायलं की ते धाडकन आतड्यात उतरतं, ऑस्मॉसिसने रक्तातलं पाणी तिकडे खेचलं जातं आणि दहा ते तीस मिनिटांत पोटात कळ, घाम, धडधड, जुलाब. याला डम्पिंग म्हणतात. नाव ऐकून डम्पर आठवला तरी हरकत नाही.

पाण्यामुळे अन्न लवकर सरकतं आणि परत भूक लागते, असंही एक कारण सांगतात. मला ते प्रेशरच्या कारणाइतकं पटलेलं नाही. मिनिटांचे आकडे बरेचसे डॉक्टरांच्या अनुभवातून आलेले आहेत, म्हणून जेवणाआधी कुणी पंधरा मिनिटं थांबायला सांगतं, कुणी तीस. आपण आपल्या डॉक्टरांचा आकडा धरायचा.

आजीचा पुढचा प्रश्न, "मग आमटीचं काय?" रास्त प्रश्न! आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की पातळ आमटी, रस्सा, ताक हे सगळं पाण्याच्याच खात्यात. घट्ट वरण भातात कालवून चालेल, वाटी तोंडाला लावून भुरकणं बंद. आणि ताटातलं पनीर, अंडं, डाळ आधी संपवायचं, कारण जागा कमी आणि प्रोटीन महत्त्वाचं.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा पुढेच झाला. आत्याने नियम इतका मनावर घेतला की पाणीच सुटलं. जेवण झालं, अर्धा तास थांबली, मग काम निघालं, तोवर पुढच्या खाण्याची वेळ. त्यात सोलापूरचा मे महिना. एका दुपारी ओट्यापाशी उभी असताना तिला भोवळ आली. लघवी सकाळपासून एकदाच, तीही गडद पिवळी. सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले की या ऑपरेशननंतर लोक परत भरती होतात त्यात हे नेहमीचं कारण. दिवसाला दीड ते दोन लिटर तर हवंच आणि आता एकदम गटागटा पिऊन ते भरून काढता येत नाही. मी आजीला नियमाचा अर्धाच भाग समजावला होता.

त्या रात्री बसून गणित केलं. सकाळी सहा ते रात्री दहा, सोळा तास. पाच वेळा खाणं, प्रत्येकी अर्धा तास खायला आणि अर्धा तास थांबायला, म्हणजे पाच तास गेले. उरले अकरा, म्हणजे 660 मिनिटं. टार्गेट 1800 मिलिलिटर. एक घोट 15 मिलिलिटरचा धरला तर 120 घोट. भागाकार करा : साडेपाच मिनिटांना एक घोट!

आत्या म्हणाली, "मेल्या, मी काय ठिबक सिंचन आहे का?" पण बाटलीवर मार्करने तासातासाच्या खुणा केल्या त्या तिला चालल्या. आजीनेही तह केला. फुलपात्र आता ताटाशेजारी नसतं, देवघराच्या कोनाड्यात असतं. आत्याचं जेवण झालं की आजी घड्याळाकडे बघते आणि बरोबर अर्ध्या तासाने ते तिच्या हातात आणून देते.