श्रवणात खंड नको : मोठी ऑडिओ फाईल फोनवर अडते तेव्हा

॥ श्री ॥



नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा. दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवातही श्रवणभक्तीच्या समासानेच होते. आपल्या कुटुंब-समूहांत इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद अशा सगळीकडचे ज्येष्ठ साधक आहेत. त्यांतल्या काहींना आता पोथीतली अक्षरं दिसत नाहीत. फोनवर ऐकणं हेच त्यांचं पारायण. फाईल मध्येच बंद पडली की "आमचा फोनच जुना" म्हणून ते गप्प बसतात, आणि वर्षानुवर्षांचा नेम सुटतो. म्हणून आजचा पाठ या विषयावर.

फोन बिघडला असं लगेच धरून चालू नये. फाईल *कुठे* अडते ते आधी बघायचं, म्हणजे कारण सापडतं.

*१. फाईल उघडत नाही, किंवा दर वेळी एकाच जागी थांबते*
ती अर्धवट उतरली असण्याची शक्यता जास्त. ज्यांनी पाठवली त्यांच्याकडे फाईल किती एमबीची आहे ते विचारावं आणि आपल्याकडचा आकडा ताडून पाहावा. अंदाजासाठी हिशेब असा : ६४ केबीपीएसच्या एमपी३ फाईलला तासाला साधारण २९ एमबी लागतात, १२८ केबीपीएसला ५८. म्हणजे दहा तासांचं वाचन २९० ते ५८० एमबीच्या घरात जातं. आकडा कमी भरला तर ती फाईल काढून टाकून वाय-फायवर पुन्हा उतरवावी. आकडा बरोबर असूनही त्याच जागी अडत असेल, तर मूळ फाईलच तिथे खराब आहे का ते पाठवणाऱ्यांना ऐकून बघायला सांगावं.

*२. फाईल उतरतच नाही*
फोनमध्ये जागा नसेल. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडलं की सर्वांत जड फाईली वरच दिसतात. सुप्रभातचे व्हिडिओ बिनधास्त काढावेत. नातवंडांचे फोटो मात्र विचारून!

*३. स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळाने आवाजही बंद*
हे काम बॅटरी वाचवणाऱ्या सोयीचं. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स', त्यात आपलं ऐकण्याचं ॲप, आणि त्यात 'बॅटरी' इथे जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडावं. फोनच्या कंपनीप्रमाणे शब्द थोडे वेगळे असतात, जागा साधारण हीच.

*४. रोज पहिल्यापासून सुरू होते, किंवा पुढे सरकवली की भलतीकडेच जाते*
फाईल चॅटमध्येच वाजवू नये. व्हीएलसी हे मोफत ॲप घ्यावं. ऑडिओ जिथे थांबला ती जागा लक्षात ठेवण्याची सोय त्याच्या सेटिंग्जमध्ये आहे, ती चालू करावी. वाचनाचा वेगही कमी-जास्त करता येतो. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एम४बी' असेल आणि फोन ती ओळखत नसेल, तर तीही व्हीएलसीत वाजते.

*कायमचा उपाय : तुकडे करावेत*
इतकं करूनही मोठी फाईल ज्येष्ठांच्या हाताला जडच. बोट जरा सरकलं की दोन तास पुढे! दासबोधाचे २० दशक, प्रत्येकी १० समास, असे २०० समास आहेत. तेव्हा एक समास, एक फाईल. विंडोज संगणकावर 'एमपी३डायरेक्टकट' या मोफत प्रोग्रामने एमपी३ फाईल कापता येते आणि आवाजाचा दर्जा उतरत नाही. मूळ फाईल मात्र जपून ठेवावी.

नावं देताना ०१-०१, ०१-०२ अशी, आधी दशक मग समास, द्यावीत. नुसतं १, २, ३ दिलं तर बऱ्याच फोनवर १ नंतर १० लागतो, मग २. पारायणाचा क्रमच मोडतो. विकत घेतलेलं किंवा परवानगी नसलेलं ध्वनिमुद्रण मात्र पुढे पाठवू नये.

*या आठवड्याची सेवा*
घरातल्या तरुण मुला-सुनांनी, लेकी-जावयांनी आजी-आजोबांजवळ दहा मिनिटं बसावं. "ऐकू येतंय ना?" एवढंच विचारून उठू नये. "काल कुठपर्यंत झालं?" असं विचारावं, म्हणजे अडचण आपोआप कळते. मग फोन त्यांच्याच हातात देऊन, फाईल त्यांच्याकडूनच लावून घ्यावी. उद्या आपण ऑफिसला गेल्यावर ती त्यांनाच लावायची आहे.

काही अडलं तर स्क्रीनचा फोटो काढून समूहात टाकावा, आपण मिळून सोडवू.

कळावे, लोभ असावा.
आपल्या,
पाठ-सेवेतील भगिनी