निरोप पुढें पाठविण्यापूर्वीं

(कुटुंबांत व शाळेंत शिकविण्याकरितां एक पाठ)

आज खेड्यापाड्यांतील पुष्कळ घरीं मोबाईल आला आहे. परगांवीं गेलेल्या मुलाची खुशाली त्यावर कळते, बाजारभाव कळतात, शाळेचा अभ्यासही येतो. हें साधन उपयोगी आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्या दारानें सोयरा आंत येतो, त्याच दारानें चोरही येतो. म्हणून दाराशीं कोणी तरी जागें असलें पाहिजे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतों. तारीख १ जुलै २०१८, रविवार. धुळें जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा गांवीं आठवड्याचा बाजार होता. मंगळवेढें तालुक्याकडील नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पांच पुरुष तेथें आले. भिक्षा मागून ते पोट भरीत. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, असे निरोप त्या दिवसांत मोबाईलवरून पसरले होते. लोकांस संशय आला. जमावानें त्या पांचांस ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडलें व मारमारून त्यांचा जीव घेतला. त्यांनीं कोणाचेंही मूल पळविलें नव्हतें. पुढें २०२४ सालीं धुळ्याच्या न्यायालयानें सात जणांस जन्मठेपेची शिक्षा दिली.

त्या वर्षीं देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरील दोघे रस्त्यांत खेळणारें मूल उचलून पळून जातात, असें तींत दिसे. वास्तविक ती कराचींतील एका संस्थेनें पालकांस सावध करण्याकरितां तयार केली होती. मूळ चित्रफितींत तेच दोघे परत येतात, मूल खालीं ठेवितात व उपदेशाचा फलक दाखवितात. हा शेवटच कोणीं तरी कापून टाकिला होता.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. असले निरोप पुढें पाठविणारे सर्वच लोक दुष्ट नव्हते. पुष्कळांनीं आपल्या व शेजाऱ्यांच्या मुलांच्या काळजीनेंच ते पाठविले. तरी त्या काळजीचें पर्यवसान निरपराध माणसांच्या मरणांत झालें. हेतु चांगला असला म्हणजे खोटें खरें होत नाहीं.

म्हणून निरोप हातीं येतांच तीन प्रश्न विचारावे. पहिला, हें मुळांत कोणीं, कोठें व केव्हां सांगितलें? दुसरा, यापूर्वींचा किंवा यानंतरचा भाग कापलेला तर नाहीं ना? तिसरा, हें खोटें ठरल्यास कोणाचें नुकसान होईल? उत्तर न मिळाल्यास निरोप आपल्यापाशींच थांबवावा, व भीति वाटण्याजोगी बातमी असल्यास पोलीस-पाटलांस किंवा ठाण्यांत विचारावें. व्हॉट्सॲपवरील ज्या निरोपावर दोन बाणांची खूण असते, तो अनेक हातांतून आलेला असतो. त्याविषयीं अधिक सावध असावें.

हाच विचार मुलांसही शिकवावा. फेसबुक व इन्स्टाग्राम हीं १३ वर्षांखालील मुलांसाठीं नाहींत, असा त्यांचाच नियम आहे. मोठ्या मुलांस सांगावें कीं, पडद्यावर दिसणारें नांव व छायाचित्र म्हणजे तें माणूस नव्हे. अनोळखी माणसास आपलें छायाचित्र, घराचा पत्ता किंवा ओटीपी देऊं नये.

आणि आईबापांस आमची विनंति आहे कीं, मूल घाबरून कांहीं सांगूं लागल्यास प्रथम ऐकून घ्यावें. तत्क्षणीं मारलें किंवा मोबाईल हिसकावला, तर तें पुढच्या वेळीं लपवील. आणि फसविणारास तेंच हवें असतें. मुलावरील संकटांत १०९८ या क्रमांकावर, व पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें.

विचारार्थ प्रश्न:

१. गेल्या आठवड्यांत आपण कोणता निरोप शहानिशा न करितां पुढें पाठविला?

२. आपल्या गांवीं अनोळखी माणूस आल्यास आपण त्यास प्रथम काय विचारूं?

३. आपलें मूल आपणांस न भितां सर्व सांगतें काय? नसल्यास, दोष कोणाचा?

हे प्रश्न घरीं सर्वांनीं मिळून वाचावे, आणि पहिल्याचें उत्तर वडील माणसांनीं आधीं द्यावें.