जव, बिअर आणि तापणारा फेब्रुवारी

हवामान बदलामुळे बिअर महागणार, अशी बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते. ती वाचून एखादा शेतकरी बंधू विचारतो, की मग नागपूर भागात जव पेरला तर चार पैसे जास्त मिळतील काय? शेजारच्या वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी असताना शेतीच्या मासिकाने या विषयात कशाला शिरावे, असेही कोणी म्हणेल. परंतु बिअर शेवटी धान्यापासूनच होते, आणि जवाचे दुखणे नीट समजले की आपल्या गव्हाचे व ज्वारीचे दुखणेही कळते.

जवाला आपल्याकडे सातू असेही म्हणतात. बिअरसाठी या धान्याचे आधी माल्ट करतात. घरी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवून मोड आणतात व मग वाळवतात, तसाच हा प्रकार होय. मोड येताना दाण्यात जी द्रव्ये तयार होतात, ती पुढे पिठूळ भागाची साखर करतात. म्हणून माल्टसाठी प्रत्येक दाणा उगवला पाहिजे, टपोरा पाहिजे, आणि त्यात प्रथिनांचे प्रमाण बेताचे, साधारण ९ ते ११.५ टक्के पाहिजे.

नेमकी येथेच उष्णतेची गाठ पडते. दाणे भरण्याच्या काळात ऊन वाढले किंवा ओलावा तुटला, तर पीक लवकर पिकते. दाण्यात पीठ कमी भरते, दाणा बारीक राहतो आणि प्रथिनांचे प्रमाण वाढते. असा जव गुरांना चालतो, पण माल्टवाला तो नाकारतो. थोडक्यात, उत्पादन घटण्याआधीच प्रत घसरते. उत्पादनाचा आकडा बरा दिसत असूनही खरेदीदाराच्या काट्यावर माल नापास होतो, आणि हा तोटा पिकवणाऱ्याच्याच पदरी येतो.

भाव कोणाला मिळतो?

२०१८ साली 'नेचर प्लांट्स' या शास्त्रीय नियतकालिकात याविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीव्र उष्णता व दुष्काळ एकाच वर्षी आल्यास जगातील जवाचे उत्पादन तीव्रतेनुसार सरासरी ३ ते १७ टक्के घटेल, असा त्यातील अंदाज आहे. सर्वांत वाईट वर्षी बिअरचा खप सुमारे १६ टक्क्यांनी घटून किंमत सरासरी दुप्पट होईल, असेही त्यात म्हटले आहे. घट १७ टक्के आणि किंमत दुप्पट, हे कसे? टंचाईत धान्य आधी माणसांच्या खाण्याला व जनावरांना जाते. उरलेल्यावर बिअरवाल्यांची ओढाताण होते.

मात्र बाटली महागली म्हणून शेतकऱ्याला तेवढा भाव मिळतो असे समजू नये. आपल्याकडे बाटलीच्या किमतीत कराचा वाटा मोठा, धान्याचा लहान.

महाराष्ट्रात तर जवाच्या आधी पाणीच आडवे आले. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, आणि धुणे, थंड करणे धरून कारखान्याला त्याच्या कितीतरी पट पाणी लागते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० व नंतर ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. पिण्याचे पाणी आधी, हा न्याय योग्यच होता.

आपण जव पेरावा काय?

आमच्या मते विक्रीसाठी पेरू नये. जवाचा मुलूख म्हणजे राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश. माल्टचे मोठे कारखानेही प्रामुख्याने उत्तरेतच. आपला हिवाळा आखूड. नागपूरला फेब्रुवारीच्या उत्तरार्धात दुपारचे तापमान ३० अंशांच्या वर जाते, नेमके दाणे भरण्याच्या वेळी.

गव्हालाही हाच नियम लागू आहे. २०२२ चा मार्च हा देशात नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि मे महिन्यात केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. म्हणून बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा. त्यानंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराने हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते, आणि १५ डिसेंबरनंतरची पेरणी परवडत नाही. पाणी मोजकेच असेल तर मुकुटमुळे फुटताना, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, पाळी चुकवू नये.

आता ज्वारीकडे वळू. १९८८ मध्ये नायजेरियाने जवाच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा तेथील बिअर कारखान्यांना ज्वारी व मक्याकडे वळावे लागले. म्हणजे ज्वारीचेही माल्ट होते. पण आपली खरीप ज्वारी दाणे भरताना परतीच्या पावसात सापडली की बुरशीने काळी पडते, आणि काळ्या दाण्याची उगवण घटते. मग बाजारात तिला पडेल तो भाव. उद्या कोणी माल्टसाठी ज्वारीचा करार घेऊन दारी आला, तर सही करण्यापूर्वी आपल्या मालाची उगवण तपासावी. सरसकट १०० दाणे घ्यावेत, निवडून टपोरे घेऊ नयेत. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करावी, सावलीत ठेवून ओल टिकवावी व चौथ्या दिवशी मोजावे. ९५ च्या खाली आकडा आल्यास माल्टच्या भावाची आशा धरू नये.

पुढच्या हंगामात दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसू लागताच, ताट हिरवे असले तरी, कणसे कापून घ्यावीत. ती खळ्यावर पातळ पसरून वाळवावीत, ढीग लावू नये, आणि आभाळ आले की झाकण्यासाठी ताडपत्री हाताशी ठेवावी.