ब्लॅस्केट बेट : हलाखी, स्थलांतर आणि आत्मकथन

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यातील डनक्विन गावासमोर, ग्रेट ब्लॅस्केट हे छोटे बेट आहे. १९१६ च्या सुमारास तेथे पावणेदोनशेच्या आसपास माणसे राहत होती. १९५३ मध्ये शासनाने बेट रिकामे केले तेव्हा जेमतेम २२ उरली होती. मात्र या मूठभर वस्तीने १९२९ ते १९३६ या काळात आयरिश भाषेला तीन महत्त्वाची आत्मकथने दिली. ऱ्हासाच्या काळातच हा वाङ्मयीन बहर का यावा, हा प्रश्न अभ्यासकाला विचारावासा वाटतो.

बटाटे, थोडे ओट, मेंढ्या आणि ससे यांवर बेटाचा उदरनिर्वाह चाले. रोख पैसा मात्र समुद्रातून येई. खारवलेला बांगडा अमेरिकेच्या बाजारात जाई, तर शेवंड फ्रेंच नौका विकत घेत. पहिल्या महायुद्धात माशांना बरा भाव मिळाला. युद्धानंतर बाजार कोसळला. बेटावर सुरक्षित बंदर नव्हते. लाकडी सांगाड्यावर डांबरी कापड चढविलेल्या हलक्या होड्यांना मोठ्या मासेमारी नौकांशी स्पर्धा करणे अशक्य होते. तरुण पिढी अमेरिकेतील स्प्रिंगफील्डची वाट धरू लागली. गेलेल्यांनी पाठविलेल्या पैशांमुळे घरे तगली. पण होडी वल्हविण्यास हात उरले नाहीत. स्थलांतर हे अशा रीतीने हलाखीवरील उपाय आणि तिचे कारणही ठरले.

१९४१ मध्ये शाळा बंद झाली. १९४६ च्या नाताळात एक तरुण आजारी पडला. वादळामुळे डॉक्टर वा धर्मगुरू पोहोचू शकला नाही आणि तो दगावला. एप्रिल १९४७ मध्ये वादळात अडकलेल्या बेटवासीयांनी अन्नासाठी पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना तार केली. त्यानंतर सहा वर्षांनी स्थलांतर झाले.

तोमास ओ क्रोहन हा बेटावरील कोळी आणि शेतकरी. शाळेत शिक्षण इंग्रजीतून झाल्यामुळे मातृभाषा वाचावयास तो प्रौढपणी शिकला. ब्रायन केली या पाहुण्याने त्याला गॉर्की आणि लोती वाचून दाखविले. सामान्य माणसाचे जिणेही लेखनाचा विषय होते, हे त्यातून त्याला उमगले. त्याचे 'द्वीपवासी' १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्यासारखी माणसे पुन्हा होणार नाहीत, ही जाणीव त्यामागे आहे. मॉरिस ओसलिव्हनने बेट सोडल्यावर बालपण आठवले (१९३३). पेग सेयर्सने आपली कहाणी मुलाला सांगून लिहवून घेतली (१९३६).

तथापि ही आत्मकथने म्हणजे दारिद्र्याचे निव्वळ दस्तऐवज नव्हेत. 'द्वीपवासी'ची पहिली आवृत्ती संपादकाने काटछाट करून काढली. अधिक पूर्ण पाठ १९७३ आणि २००२ मध्ये उपलब्ध झाले. बेटाचे चित्र रेखाटण्यात पाहुण्यांच्या आणि संपादकांच्या अपेक्षांचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही.

मराठी वाचकाला येथे दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आठवणे स्वाभाविक आहे. तेथील निवेदक गावाकडे शहरातून पाहतो. जातीने लादलेले जिणे तो विसरू शकत नाही आणि त्याविषयी हळहळतही नाही. तोमास मात्र १९३७ मध्ये बेटावरच वारला आणि त्याच्या लेखनात तेथील जगण्याचा अभिमान आहे. दोन्हीकडे दैन्य आहे. पण एकात सुटकेची ओढ, तर दुसऱ्यात लोपत चाललेल्या जगाची राखण आहे. हलाखी लेखनाला निमित्त पुरविते. तिचा अर्थ ठरतो तो लेखक कोठे उभा आहे यावरून.