आरोग्य विद्यापीठाची पुनर्रचना : विद्याशाखेकडून प्रश्नाकडे

मुंबईच्या पूर्व उपनगरातील भांडुप येथे महानगरपालिकेचे मोठे जलशुद्धीकरण संकुल आहे. १८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी या संकुलात शिरले, विद्युत यंत्रणा बंद पडली आणि शहराच्या बहुतांश भागाचा पाणीपुरवठा खंडित झाला. नागरिकांना पाणी उकळून पिण्याचे आवाहन करावे लागले. पाणी आणि आरोग्य यांचा संबंध किती निकटचा आहे, हे त्या दिवशी दिसून आले.

पावसाळ्यातील लेप्टोस्पायरोसिस हा रोग उदाहरणादाखल घेऊ. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ आली होती. उंदीर, गुरे व कुत्री यांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरील जखमेतून माणसाच्या शरीरात शिरतात. रुग्णावर उपचार डॉक्टर करतो, जंतूची ओळख सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ पटवितो, जनावरांची तपासणी पशुवैद्य करतो, तर पाणी का तुंबले हे अभियंता सांगतो. प्रश्न एक आणि त्याचे जाणकार चार, अशी ही स्थिती आहे.

सध्याची रचना

१९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या आदी शाखांची महाविद्यालये एका छत्राखाली आली आणि अभ्यासक्रम व परीक्षा यांत एकसूत्रता आली. तथापि संशोधन बहुधा ज्या त्या विभागाच्या चौकटीतच राहते. पशुवैद्यकशास्त्र नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे आणि अभियांत्रिकी अन्य विद्यापीठांकडे.

मुंबईतील दोन उदाहरणे

परळ येथे १८९९ मध्ये प्लेग प्रयोगशाळा म्हणून सुरू झालेल्या हाफकिन संस्थेत संशोधन, लसनिर्मिती व प्रशिक्षण एकत्र नांदले. पुढे १९७५ मध्ये उत्पादनासाठी स्वतंत्र महामंडळ झाले. परळच्याच टाटा स्मारक रुग्णालयाची वाट याच्या उलट आहे. १९४१ चे हे रुग्णालय आणि १९५२ चे कर्करोग संशोधन केंद्र १९६६ मध्ये एकत्र आणले गेले. रुग्णसेवा, शिक्षण व संशोधन एका व्यवस्थेत आले. कोणती कामे जोडावीत आणि कोणती वेगळी ठेवावीत, हे कामाचे स्वरूप पाहून ठरवावे लागते, हा या दोहोंचा बोध होय.

पुनर्रचनेची दिशा

विभाग मोडून संस्था उभारणे इष्ट नाही. शरीररचनाशास्त्र वा औषधशास्त्र शिकविण्यासाठी विभाग हवेतच. परंतु साथीचे रोग, कुपोषण, सर्पदंश अशा प्रश्नांसाठी स्वतंत्र संशोधन संस्था स्थापून विविध विभागांतील अध्यापकांना तेथे ठरावीक मुदतीसाठी काम करता यावे. त्या कामाची नोंद पदोन्नतीच्या वेळी घेतली जावी. एरवी कोणी आपला विभाग सोडून तेथे जाणार नाही. प्रयोगशाळा सामाईक असाव्यात आणि अन्य विद्यापीठांशी रीतसर करार व्हावेत.

अशा संस्थेला गावाची व वस्तीचीही साथ लागेल. ताप आलेल्या रुग्णांची आरोग्य केंद्रातील नोंद, मृत जनावरांची माहिती आणि पाणी तपासणीचे अहवाल एकाच ठिकाणी पोहोचले, तर साथीची चाहूल लवकर लागेल. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील एक साधी नोंदही मग संशोधनाच्या उपयोगी पडेल आणि वेळीच मिळालेल्या सूचनेने एखाद्याचे प्राणही वाचतील.