फ्लॅश-स्मृतीतील झाडलोट आणि चुकांची दुरुस्ती

पाटीवर लिहिलेला एखादा शब्द चुकला, तर तो बोटाने पुसून त्याच जागी दुसरा लिहिता येतो. संगणकाच्या चुंबकीय चकतीवर तर आधी पुसण्याचेही कारण पडत नाही. जुन्या मजकुरावर नवा मजकूर सरळ उमटतो. मोबाइल, कॅमेऱ्याचे कार्ड आणि संगणकातील एसएसडी ज्या फ्लॅश-स्मृतीवर चालतात, तिला मात्र यांपैकी काहीच साधत नाही. तिची पाटी चमत्कारिक आहे. लिहावयाचे ते एकेका ओळीने. पण पुसावयाचे झाल्यास सबंध पाटीच पुसावी लागते, आणि प्रत्येक पुसण्यासरशी पाटी थोडी झिजते.

जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली फ्लॅश-स्मृती विद्वानांपुढे मांडली. आज एसएसडीत वापरला जाणारा तिचा ‘नँड’ हा प्रकार १९८७ मधला. हिच्यातील प्रत्येक घटक म्हणजे निरोधक थराने चहूबाजूंनी वेढलेली एक अतिसूक्ष्म कोठडी होय. अगदी साध्या प्रकारात कोठडीत इलेक्ट्रॉन कोंडलेले असले तर ‘शून्य’ आणि ती रिकामी असली तर ‘एक’ असे वाचतात. इलेक्ट्रॉन आत ढकलताना व बाहेर काढताना ते निरोधक थरातूनच पार न्यावे लागतात, आणि त्या थराची हळूहळू हानी होते. एका कोठडीत एकच अंक ठेवणारी स्मृती सुमारे एक लाख वेळा पुसता येते. जागा वाचविण्यासाठी एकाच कोठडीत तीन अंक बसविले, की ही संख्या हजार-तीन हजारांच्या आसपास येते. स्वस्ताईची ही किंमत आहे.

रचना ध्यानी येण्यासाठी पूर्वी सर्रास वापरात असलेली एक मांडणी घेऊ. तिच्यात २०४८ बाइटांचे एक पृष्ठ असून त्याला ६४ बाइटांचा समास जोडलेला असतो, आणि अशा ६४ पृष्ठांचा एक खंड होतो. लिहिणे पृष्ठागणिक, पुसणे खंडागणिक. एखाद्या पृष्ठावरील मजकूर बदलला, तर नियंत्रक नवा मजकूर दुसऱ्याच कोऱ्या पृष्ठावर लिहितो, आपल्या नोंदवहीत नवा पत्ता टिपतो आणि जुने पृष्ठ रद्द ठरवितो. रद्द पृष्ठे साचत जातात. कोरी पृष्ठे संपत येतात. मग झाडलोट करावी लागते. एक खंड निवडावयाचा, त्यातील उपयोगी पृष्ठे अन्यत्र उतरवून घ्यावयाची आणि मग तो सबंध खंड पुसावयाचा.

ही झाडलोट फुकट होत नाही. निवडलेल्या खंडात ४८ पृष्ठे उपयोगी आणि १६ रद्द असतील, तर १६ पृष्ठांची जागा मिळविण्यासाठी ४८ पृष्ठे पुन्हा लिहावी लागतात. म्हणजे वापरणाऱ्याने १६ पृष्ठे लिहिली, तरी स्मृतीवर ६४ लिहिली जातात, चौपट झीज. हेच प्रमाण उलटे असेल, १६ उपयोगी व ४८ रद्द, तर झीज अवघी सव्वापटीहून किंचित अधिक. यास्तव कारखानदार काही जागा वापरणाऱ्यास न दाखविता राखून ठेवतात. जागा सैल असली की खंडात अधिक रद्द पृष्ठे साचेपर्यंत थांबता येते. संगणकाने एखादी फाइल काढून टाकली, हे स्मृतीला आपोआप कळत नाही, हीही एक गंमतच. तशी आज्ञा न आल्यास निरुपयोगी मजकूरही नियंत्रक इमानाने इकडून तिकडे वाहत राहतो.

आता चुकांकडे वळावयास हवे. कोठडीतील इलेक्ट्रॉन काळाच्या ओघात झिरपतात; शेजारची पृष्ठे वाचल्या-लिहिल्यानेही विद्युत्‌प्रभार थोडा ढळतो. मग शून्याचा एक होतो किंवा एकाचा शून्य. म्हणून समासात दुरुस्तीचे अंक ठेवतात. असे अंक रचण्याची एक प्रबळ पद्धत फ्रान्सचे ओकेंगेम यांनी १९५९ साली, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे राजचंद्र बोस व द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला बीसीएच संकेत म्हणतात. बोस यांचा जन्म होशंगाबादचा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम करून ते अमेरिकेस गेले होते. ऑयलर या गणितज्ञाचे लॅटिन चौरसांविषयीचे जुने अनुमान शरच्चंद्र श्रीखंडे व पार्कर यांच्यासह खोटे ठरविणारे बोस ते हेच.

या पद्धतीने ५१२ बाइटांमागे प्रत्येक चूक सुधारण्यास १३ अंक खर्ची पडतात. आठ चुका सुधारावयाच्या, तर १०४ अंक, म्हणजे १३ बाइट. २०४८ बाइटांच्या पृष्ठाचे असे चार भाग आणि प्रत्येकाच्या वाट्याला समासाचे १६ बाइट येतात. १३ दुरुस्तीला गेले, की पत्ता व इतर खुणांसाठी तीनच उरतात. दुरुस्तीचे अंकही त्याच झिजणाऱ्या कोठड्यांत राहतात, म्हणून त्यांतील चुकाही या आठांतच मोजल्या जातात.

येथे झाडलोट आणि दुरुस्ती एकमेकींत गुंततात. पृष्ठ स्मृतीच्या आतल्या आत, बाहेर न काढता, दुसऱ्या जागी उतरविण्याची सोय असते. ती वेगवान असते, परंतु तीत दुरुस्ती होत नाही. हाती लिहिलेल्या पोथीची नक्कल करणारा मूळ प्रतीतील चुका जशाच्या तशा उतरवून आपल्या नव्या चुकांची भर घालतो, तसेच येथे घडते. समजा, प्रत्येक मुक्कामी एका भागात तीन चुका होतात. तिसऱ्या मुक्कामाअखेर त्या नऊ होतील आणि मजकूर हाताबाहेर जाईल. क्वचित नियंत्रक भलताच मजकूर बरोबर समजून पुढे देईल. प्रत्येक स्थलांतरात पृष्ठ वाचून, सुधारून, मगच लिहिले, तर गणना दर वेळी शून्यापासून सुरू होते. वेळ लागतो खरा, पण ही काटकसर करण्याजोगी नव्हे. चांगला नियंत्रक याही पुढे जातो. कोणत्या खंडात किती चुका सुधाराव्या लागल्या याची तो नोंद ठेवतो आणि एखाद्या भागात आठांपैकी पाच-सहा चुका दिसू लागल्या, की त्यात रद्द पृष्ठे थोडी असली तरी तो खंड आधी हलवितो.

हे सारे वीज चालू असेपर्यंतच. कपाटात ठेवलेल्या एसएसडीत इलेक्ट्रॉन झिरपतात, पण झाडलोट होत नाही. जेईडीईसी या मानक ठरविणाऱ्या संस्थेची घरगुती व कार्यालयीन एसएसडींकडून अपेक्षा एवढीच आहे, की लेखनाची ठरलेली मर्यादा गाठल्यावर त्यांनी विजेवाचून ३० अंश सेल्सिअस तपमानात एक वर्ष मजकूर राखावा. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ तो राखते. परंतु ज्या ग्रंथालयाने जुन्या वृत्तपत्रांची छायाचित्रे अनेक वर्षे वापरलेल्या एसएसडीवर उतरवून ती कुलपात ठेवली असतील, त्याने ती पेटी वेळोवेळी जोडून सर्व मजकूर वाचून पाहणे आणि त्याची दुसरी प्रत अन्य साधनावर ठेवणे अगत्याचे आहे. उन्हाळ्यात तापणाऱ्या खोलीत ही मुदत आणखी आखूड होते.