आधी सुरुवात पाहायची की शेवट?

प्रश्न : कोडिंगच्या मुलाखतींची तयारी करते आहे. इंटरव्हलच्या प्रश्नांत कधी सुरुवातीच्या वेळेनुसार सॉर्ट करतात, कधी शेवटच्या. पाठ केलं तरी ऐनवेळी गोंधळ उडतो. नेमकं ओळखायचं कसं?

उत्तर : पाठांतर सोडून द्या. इंटरव्हल जोडायचे आहेत, निवडायचे आहेत की मोजायचे आहेत, एवढंच आधी ठरवा.

जोडायचे असतील तर सुरुवातीनुसार सॉर्ट करा. मग नवा इंटरव्हल फक्त शेवटच्या गटालाच चिकटू शकतो, मागे वळून पाहावं लागत नाही. शेवट मात्र दोन्हींतला मोठा घ्यायचा. १ ते १० नंतर २ ते ३ आला, तरी शेवट १०च.

खरी गंमत निवडण्यात आहे. एका हॉलमध्ये जास्तीत जास्त कार्यक्रम बसवायचेत. आधी सुरू होणारा घेतला, तर सकाळी ९ ते संध्याकाळी ६ चा एकच कार्यक्रम अख्खा दिवस अडवतो. मग सर्वांत छोटा घ्यावा? ९ ते १२, ११:३० ते १२:३० आणि १२ ते ३ यांतला मधला घेतलात, की बाजूचे दोन्ही गेले. म्हणून शेवटानुसार सॉर्ट करा आणि सर्वांत लवकर संपणारा घ्या. कोणतीही उत्तम निवड घ्या आणि तिच्यातला पहिला कार्यक्रम काढून तिथे हा ठेवा. हा उशिरा संपूच शकत नाही, त्यामुळे पुढच्या कोणालाही धक्का लागत नाही आणि संख्या तेवढीच राहते. हा युक्तिवाद मुलाखतीत स्वतःच्या शब्दांत मांडता यायलाच हवा. माझ्या मते कोडपेक्षा त्याचं वजन जास्त आहे.

स्थानकावर सगळ्या गाड्यांसाठी किमान किती फलाट लागतील, हे मोजणं झालं. येण्याच्या आणि जाण्याच्या वेळा वेगवेगळ्या सॉर्ट करा. गाडी आली की एक वाढवा, गेली की एक कमी करा. वाटेत दिसलेला सर्वांत मोठा आकडा हेच उत्तर. जोड्या फोडल्या तरी बिघडत नाही, कारण कोणती गाडी गेली याच्याशी आपल्याला देणंघेणं नसतं, फलाट मोकळा झाला एवढं पुरतं. तिन्ही प्रकारांत वेळ मुख्यतः सॉर्टिंगलाच लागतो, म्हणजे एन लॉग एन.

एक गोष्ट मात्र कोड लिहिण्याआधीच मुलाखतकाराला विचारा. एक १० ला संपतो आणि दुसरा १० लाच सुरू होतो, तर ती टक्कर धरायची का? बैठकींच्या खोल्यांत सहसा धरत नाहीत, म्हणून तिथे आधी शेवट मोजायचा. इंटरव्हल जोडताना मात्र १ ते ४ आणि ४ ते ५ बहुधा एकत्र येतात.